‘क्लास’ची कल्पना देणारे क्रिस्टेन नायगार्ड

बँकांच्या व्यवहारांपासून मोबाइलपर्यंत आज असंख्य संगणक प्रणाली ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ पद्धतीने लिहिल्या जातात. सहकारी ओले-योहान डाल यांच्यासमवेत या पद्धतीचा पाया घातला तो नॉर्वेचे गणिती क्रिस्टेन नायगार्ड यांनी.

२७ ऑगस्ट १९२६ रोजी ओस्लो येथे जन्मलेले नायगार्ड १९४८ मध्ये नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत रुजू झाले. देशाच्या पहिल्या अणुभट्टीसाठी लागणारी आकडेमोड हे त्यांचे सुरुवातीचे काम. १९५६ मध्ये त्यांनी ओस्लो विद्यापीठाची गणितातील पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९६० मध्ये ते नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये दाखल झाले.

कारखाने, रांगा, वाहतूक यांसारख्या गुंतागुंतीच्या व्यवस्थांचे हुबेहूब चित्र संगणकात उभे करता यावे, हा त्यांचा ध्यास होता. त्यातूनच डाल यांच्या साथीने ‘सिम्युला’ ही संगणकभाषा आकारास आली. १९६६ च्या अखेरीस दोघे पुलावरील टोलनाक्याच्या रांगेचे उदाहरण सोडवीत होते. रांगेत ट्रक होते, बसही होत्या. वाहने वेगळी असली तरी रांगेत उभे राहण्याचे नियम सर्वांना सारखेच. मग ते प्रत्येक वाहनासाठी पुन्हा का लिहायचे? समान भाग एकदाच लिहावा आणि विशिष्ट गुणधर्म त्यास जोडावेत, असा तोडगा निघाला. ‘क्लास’ आणि ‘सबक्लास’ यांचा जन्म असा झाला. १९६७ मध्ये ‘सिम्युला ६७’ जगापुढे आली. पुढे स्मॉलटॉक, सी प्लस प्लस व जावा या भाषांनी हाच वारसा चालविला.

या कल्पनेचे मोल जरीपटक्याच्या बाजारातील एखाद्या दुकानावरूनही समजते. कापड, किराणा, भांडी यांच्या बिलांत कराचा हिशेब वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेला असेल, तर १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तसा बदल येताच प्रत्येक जागा शोधावी लागते. एक जरी जागा निसटली, तरी ग्राहकाचे बिल चुकते. हिशेब एकाच क्लासमध्ये आणला, की दुरुस्तीही एकाच ठिकाणी करावी लागते. बाहेरून दिसणारे काम न बदलता आज्ञावलीची अंतर्गत रचना अशी सुधारण्यास ‘रिफॅक्टरिंग’ म्हणतात. विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील प्रबंधात त्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली, तर मार्टिन फाउलर यांच्या १९९९ मधील पुस्तकाने ते घरोघरच्या प्रोग्रॅमरपर्यंत नेले. मात्र केवळ क्लास वापरल्याने आज्ञावली स्वच्छ राहत नाही. लहान लहान बदल करून प्रत्येक टप्प्यावर चाचणी घ्यावी लागते.

नायगार्ड केवळ तंत्रात रमले नाहीत. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेसोबत काम करताना, संगणक प्रणालीच्या रचनेत ती वापरणाऱ्या कामगारांनाही स्थान हवे, हा आग्रह त्यांनी धरला. युरोपीय संघाच्या सदस्यत्वास विरोध करणाऱ्या चळवळीचेही त्यांनी नेतृत्व केले. १९९४ च्या सार्वमतात नॉर्वेच्या मतदारांनी ते सदस्यत्व नाकारले.

संगणकक्षेत्रातील सर्वोच्च मानला जाणारा २००१ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना विभागून मिळाला. मात्र २९ जून २००२ रोजी डाल यांचे निधन झाले आणि अवघ्या सहा आठवड्यांनी, १० ऑगस्टला, नायगार्ड यांचीही प्राणज्योत मालवली. समान ते एकदाच लिहावे, ही त्यांची शिकवण मात्र जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या रोजच्या कामात आजही टिकून आहे.