पावले मोजणाऱ्या बाई : लिलियन गिलब्रेथ



घराचे रिमॉडेलिंग हा आपल्या मंडळाच्या सभासदांचा अगदी जिव्हाळ्याचा विषय. कार्यक्रमाच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत उभे राहिले की कोणाच्या ना कोणाच्या किचनचे काम चालू असल्याचे कानावर येतेच. ग्रॅनाइट घ्यावे की क्वार्ट्झ, मध्ये आयलंड हवे की नको, एक्झॉस्ट फोडणीचा धूर खरेच बाहेर टाकतो का, अशी चर्चा रंगते. पण सिंकपासून शेगडी किती पावलांवर असावी आणि ओट्याची उंची कोणाच्या मापाने ठरवावी, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वी हे प्रश्न हातात टेप आणि घड्याळ घेऊन विचारणाऱ्या एक बाई आपल्याच न्यू जर्सीत, माँटक्लेअरला राहत होत्या. त्यांचे नाव लिलियन गिलब्रेथ. या अंकात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

लिलियन मोलर यांचा जन्म २४ मे १८७८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे एका सधन जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. भावंडांत त्या सर्वांत मोठ्या. स्वभाव लाजरा, पुस्तकांत रमणारा. मुलींना कॉलेजचे शिक्षण कशाला, असे वडिलांचे मत होते (हे वाक्य आपल्याकडच्या आजी-पणजींनीही ऐकलेले असेल). लिलियननी त्यांचे मन वळवले आणि बर्कलीच्या विद्यापीठातून १९०० साली इंग्रजी साहित्यात पदवी घेतली. त्या वर्षीच्या पदवीदान समारंभात भाषण करण्याचा मान त्यांना मिळाला. तिथे हा मान मिळालेल्या त्या पहिल्याच विद्यार्थिनी. १९०२ मध्ये एम.ए. झाले. पुढे साहित्यातच संशोधन करायचे असा बेत होता.

१९०३ मध्ये युरोपला जाताना वाटेत बॉस्टनला त्यांची फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी गाठ पडली आणि बेत बदलला. फ्रँकनी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. सतराव्या वर्षी गवंड्याच्या हाताखाली लागून ते मोठे बांधकाम कंत्राटदार झाले होते. त्यांना एकच ध्यास होता. एकच वीट प्रत्येक गवंडी वेगळ्या तऱ्हेने का लावतो, आणि त्यातली सर्वांत कमी कष्टाची तऱ्हा कोणती? विटा जमिनीवर ठेवल्या की प्रत्येक विटेसाठी गवंड्याला सगळे अंग वाकवावे लागते. म्हणून फ्रँकनी विटा कमरेच्या उंचीवर येतील अशी वरखाली होणारी पराची बनवली. एका विटेमागच्या अठरा हालचाली साडेचार-पाचांवर आल्या. ही कमरेच्या उंचीची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे स्वयंपाकघरात तिची गाठ पडणार आहे.

१९ ऑक्टोबर १९०४ रोजी दोघांचे लग्न झाले. फ्रँकच्या सांगण्यावरून लिलियनबाईंनी साहित्य बाजूला ठेवून मानसशास्त्र धरले. फ्रँक हालचाली मोजत. त्या हालचाली करणारा माणूस थकतो कशाने, कंटाळतो का, त्याला काय हवे असते, हे लिलियनबाई पाहत. कामगाराच्या हाताला छोटा दिवा बांधून त्याच्या हालचालीची प्रकाशरेषा छायाचित्रात पकडायची, कामाचे चलच्चित्र घेताना शेजारी घड्याळ ठेवायचे, असे प्रयोग दोघांनी मिळून केले. व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरचे त्यांचे पुस्तक १९१४ मध्ये निघाले, तेव्हा प्रकाशकाने लेखकाचे नाव नुसत्या आद्याक्षरांनी छापले. बाईने लिहिले आहे हे कळले तर कारखानदार पुस्तक घेणार नाहीत, ही भीती! १९१५ मध्ये ब्राउन विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. तोवर घरात पाळणा जवळजवळ दरवर्षी हलत होता.

गिलब्रेथ दांपत्याला बारा मुले झाली. त्यांतली मेरी १९१२ मध्ये पाच वर्षांची असताना घटसर्पाने गेली. त्यामुळे बाराही मुले एका वेळी घरात कधीच नव्हती. १९४८ साली दोन मुलांनी लिहिलेले 'चीपर बाय द डझन' हे पुस्तक आणि त्यावरचा १९५० चा चित्रपट यांमुळे हे घर अमेरिकेत घरोघरी पोचले. पहिल्या महायुद्धानंतर कुटुंब माँटक्लेअरला आले. घरात कामांचे तक्ते लावलेले असत. रविवारी कुटुंबाची सभा भरे आणि तिथे कामे वाटली जात. मुलांना न्हाणीघरात ग्रामोफोनवर फ्रेंच-जर्मनचे धडे ऐकवले जात. बरीच वर्षे फ्रँकच्या आई घरात होत्या आणि घरकामाला मदतनीसही असत. म्हणजे 'बारा मुले सांभाळून पीएच.डी.' हे ऐकताना त्या घरात किती हात राबत होते तेही ध्यानात घ्यायला हवे. यात बाईंचे श्रेय कमी होत नाही, पण आपल्याकडच्या एकट्याने नोकरी आणि मुले सांभाळणाऱ्या मैत्रिणींनी स्वतःला उगाच त्यांच्या पट्टीने मोजू नये, असे आम्हाला वाटते.

१४ जून १९२४. फ्रँक युरोपातील दोन परिषदांना निघायच्या तयारीत होते. स्टेशनावरून त्यांनी घरी फोन केला, आणि बोलता बोलताच हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय अवघे पंचावन्न. लिलियनबाई शेहेचाळीस वर्षांच्या. पदरी अकरा मुले, थोरली कॉलेजात आणि धाकटी जेमतेम दोन वर्षांची. थोड्याच दिवसांत बाई त्याच परिषदांसाठी फ्रँकच्या जागी बोटीत बसल्या. परत येऊन पाहतात तो काय, एकेका कारखान्याने कंत्राट पुढे चालू ठेवायला नकार दिलेला. जी पद्धत दोघांनी मिळून उभी केली, तीच शिकवायला एकटी बाई कारखान्यात चालेना.

त्यांनी घरातच हालचाल-अभ्यासाचे वर्ग सुरू केले, आणि ज्या दालनात बाईचा शब्द चालेल असे लोक मानत होते त्या दालनाकडे मोर्चा वळवला. ते दालन अर्थातच स्वयंपाकघर. गंमत अशी की बाईंना स्वतःला स्वयंपाकाची आवड नव्हती. त्यांच्या हातच्या पदार्थांची मुलेच थट्टा करीत. कारखान्याचे दार बंद झाले म्हणून त्या या खोलीत आल्या, आणि आल्या त्या इंजिनियर म्हणूनच. समोर गवंड्याऐवजी गृहिणी होती, एवढाच फरक.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रुकलिनमधील एका गॅस कंपनीने त्यांना नमुन्याचे स्वयंपाकघर आखायला बोलावले. या कंपनीच्या प्रमुख मेरी डिलन या स्वतः एक स्त्री होत्या. कंपनीचा स्वार्थ उघड होता. घरोघरी गॅसची उपकरणे खपायला हवी होती. बाईंनी १९२९ मध्ये जे 'किचन प्रॅक्टिकल' मांडले त्यात मात्र उपकरणांपेक्षा जागेचा विचार मोठा होता. त्या काळच्या अमेरिकन घरांत स्वयंपाकघर म्हणजे एक मोठी खोली असे. एका भिंतीला चूल, समोरच्या भिंतीला सिंक, मध्ये टेबल आणि सामानाची कोठी तर दाराबाहेर. बाईंनी शेगडी आणि ओटा शेजारी आणले. डोक्यावरच्या कपाटात शिधा ठेवला, ओट्याखाली भांडी ठेवली आणि रेफ्रिजरेटर एका पावलावर आणला. ओट्याच्या उंचीची एक चाकांची ट्रॉली दिली. ती ओढली की कामाची जागा वाढते, आणि खरकटी भांडी तिच्यावर ठेवून सिंककडे ढकलत नेता येतात. काम करणारी बाई मधोमध उभी आणि सगळे तिच्याभोवती, अशी ही रचना होती.

ही नुसती कल्पना नव्हती, पडताळाही घेतला गेला. न्यूयॉर्कच्या हेरल्ड ट्रिब्यून वृत्तपत्राच्या गृहविभागाने जुन्या पद्धतीच्या आणि बाईंच्या पद्धतीच्या, अशा दोन्ही स्वयंपाकघरांत एकच पदार्थ करून पाहिला. पदार्थ होता स्ट्रॉबेरी शॉर्टकेक. कृती ९७ वरून ६४ वर आल्या आणि चाललेली पावले २८१ वरून ४५ वर! उपकरणे तीच होती, फक्त त्यांच्या जागा बदलल्या होत्या.

दुसरा मुद्दा उंचीचा. बायकांची पाठ का दुखते, तर ओटा त्यांच्या मापाचा नसतो. गवंड्याची पराची वरखाली होते, तर ओटा का नाही? ओटा आणि सिंक घरात जी व्यक्ती काम करते तिच्या उंचीप्रमाणे बसवावे, असा त्यांचा आग्रह होता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी त्यांनी चार हजारांवर स्त्रियांशी बोलून ही मापे तपासली असे सांगितले जाते. पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचे श्रेयही त्यांना दिले जाते. बाजाराने मात्र पुढे उंचीची गोष्ट सोडून दिली. आज अमेरिकेत ओटा सरसकट ३६ इंचांचा मिळतो. त्यावर पाच फुटी गृहिणीने पोळ्या लाटून पाहाव्यात, म्हणजे लिलियनबाईंचे म्हणणे चटकन पटेल. लाटताना वरून जोर द्यावा लागतो, आणि त्यासाठी ओटा कोपरापेक्षा चांगला खाली हवा. नवे किचन करताना निदान दोन-अडीच फुटांचा एक तुकडा खाली बसवून घ्यावा. सुतार कुरकुर करील, पण करून देईल.

पावले मोजायची रीत घरी करून पाहण्यासारखी आहे. कागदावर किचनचा नकाशा काढायचा. फ्रिज, सिंक, शेगडी, डबे, भांडी आणि केराची जागा या ठिकाणी टाचण्या टोचायच्या. मग एकाने नेहमीचा स्वयंपाक करायचा आणि दुसऱ्याने (हे काम मुले आवडीने करतात) त्याच्या प्रत्येक फेरीबरोबर टाचणी ते टाचणी दोरा फिरवत न्यायचा. वरण-भात, भाजी आणि पोळ्या होईपर्यंत दोऱ्याचे जे जाळे होते त्यातच उत्तर असते. मिसळणाचा डबा शेगडीपासून लांब असेल तर एका फोडणीला किती फेऱ्या होतात ते डोळ्यांना दिसते. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्या त्रिकोणाचा नियम बिल्डर सांगतात. त्याची प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट आणि तिन्ही मिळून सव्वीस फुटांच्या आत असावी, असा तो नियम. तो १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात मांडला गेला, पण त्याचे मूळ लिलियनबाईंच्या कामात शोधले जाते.

आता एक अडचण सांगायलाच हवी. लिलियनबाईंची ती गोल, आटोपशीर रचना एकट्या बाईसाठी आहे. आपल्याकडे गणपतीत मोदक होतात तेव्हा एकजण उकड काढते, दोघी पाऱ्या करतात, सासूबाई सारणाला हात लावू देत नाहीत आणि पाणी प्यायला आलेली मुले फ्रिजचे दार उघडून उभी असतात. अशा वेळी हाताशी आणलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या आड येते. आजची अमेरिकन मार्गदर्शक मापे हे ओळखतात. काम करणारा एक असेल तर दोन ओट्यांमधली वाट ४२ इंच, जास्त माणसे असतील तर ४८ इंच ठेवावी असे ती सांगतात. मोठ्या कुटुंबाने एकाच मोठ्या त्रिकोणापेक्षा दोन छोटी ठाणी करावीत. शेगडीचे एक, आणि चिरणे-लाटण्याचे दुसरे, त्याला शक्य असल्यास छोटे वेगळे सिंक. पाण्याची आणि फ्रिजची वाट स्वयंपाक करणाऱ्यांच्या पाठीमागून जाऊ नये. दोरा फिरवताना दोन-तीन रंगांचे दोरे घेतले, प्रत्येक माणसाचा वेगळा, तर टकरा कुठे होतात तेही कळते.

दुसराही आक्षेप आहे. रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये दाखवून दिले की सोयी वाढल्या तरी अमेरिकन गृहिणीचे काम फारसे घटले नाही. अपेक्षा वाढल्या आणि पूर्वी घरातल्या इतरांनी केलेली कामेही तिच्यावर आली. वाचलेली २३६ पावले दुसऱ्याच कामात खर्च झाली म्हणायचे. लिलियनबाईंच्या घरी मात्र कामाचा तक्ता मुलग्यांनाही लागू होता, हे इथे नोंदवतो.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९३५ ते १९४८ त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक होत्या. अकराही मुले कॉलेजात गेली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हृदयविकार आणि अपंगत्व आलेल्या गृहिणींसाठी स्वयंपाकघरे आखण्याचे काम हाती घेतले. बसून करता येईल असा ओटा, हाताच्या टप्प्यातली भांडी, उचलण्याऐवजी सरकवता येईल अशी मांडणी. आमच्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम हेच. भारतातून आलेल्या आपल्या आईवडिलांसाठी किचनमध्ये काही बदल करू पाहणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी. बसायला एक पक्की खुर्ची आणि रोजचे डबे खांदा ते कंबर या पट्ट्यात, एवढे तर भिंत न फोडताही होते.

१९६५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनियरिंगवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. २ जानेवारी १९७२ रोजी ॲरिझोनात, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९८४ मध्ये त्यांच्या चित्राचे चाळीस सेंटचे टपाल तिकीट निघाले. तेव्हा येथे असलेल्या आपल्यापैकी काहींच्या घरी, भारतातून आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्याशेजारी, ते अजून सापडेलही.