राणीछाप रुपयाचा कारागीर : विल्यम वायन

श्रींच्या चांदीच्या प्रभावळीसाठी ग्रामस्थांनी व माहेरवाशिणींनी जी चांदी वाहिली, तिची नोंद ठेवण्याचे काम जीर्णोद्धार समितीने प्रस्तुत लेखकाकडे सोपविले होते. तोडे, वाळे, करंडे यांच्या जोडीला राणीछाप रुपयेही बरेच आले. त्यांपैकी काहींवर 1840 हे साल असून राणीच्या डोक्यावर मुकुट नाही, केस फितीने बांधलेले आहेत. भिंगातून पाहता मानेच्या कापलेल्या कडेवर दोन बारीक इंग्रजी अक्षरे दिसतात. ती विल्यम वायन या कारागिराच्या नावाची आद्याक्षरे होत.

वायन घराणे मूळचे जर्मनीतील कोलोन शहराचे. अठराव्या शतकात ते इंग्लंडात आले व चांदीच्या भांड्यांवर नक्षी उठविणे, मोहरा व ठसे खोदणे हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करीत राहिले. विल्यमचा जन्म 1795 साली बर्मिंगहॅम येथे झाला. वडील पीटर हे ठसे खोदणारे. त्यांच्याच हाताखाली 1809 पासून मुलाची उमेदवारी सुरू झाली. आपल्याकडे सोनाराचे पोर भात्यापाशी बसून शिकते, तसेच हे.

हे काम फार चिकाटीचे. मऊ केलेल्या पोलादात चित्र उलटे व खोलगट कोरायचे, मग पोलाद तापवून पाण्यात विझवून कडक करायचे. विझविताना तडा गेला की महिनोन्‌महिन्यांची मेहनत पाण्यात.

1816 साली विल्यम लंडनच्या सरकारी टांकसाळीत दुय्यम खोदकार झाला. त्याचा चुलतभाऊ थॉमस तेथे मुख्य खोदकार होता. वॉटर्लूच्या लढाईचे पदक या थॉमसचेच. पण तो 1817 साली ऐन पंचविशीत वारला आणि मुख्य खोदकाराचे काम पिस्त्रुची या इटालियन कलावंताकडे गेले. परदेशी असल्यामुळे त्याला ते पद रीतसर मिळेना, आणि विल्यम दुय्यमच राहिला. पद एकाचे, काम दुसऱ्याचे, ही गोष्ट कचेरीत नोकरी केलेल्यास निराळी सांगावयास नको. पुढे दुसऱ्याने घडविलेल्या पुतळ्यावरून राजाचा मुखवटा उतरविण्यास पिस्त्रुचीने साफ नकार दिला. ते काम वायनने केले आणि त्याचे नाव झाले. अखेर 1828 साली तो मुख्य खोदकार झाला. पिस्त्रुचीसाठी मुख्य पदककार असे वेगळे पद काढण्यात आले. दोघांचे समर्थक मात्र पुढेही भांडतच राहिले.

1838 साली रॉयल अकादमीने वायनला पूर्ण सभासद करून घेतले. पदककाराला हा मान प्रथमच मिळाला. राणी व्हिक्टोरियाने 1837 साली लंडन शहरास दिलेल्या भेटीच्या पदकावर त्याने तिचा मुखवटा कोरला होता. 1840 सालचे जगातील पहिले टपाल तिकीट त्याच मुखवट्यावरून झाले.

आपल्या मुलखात पूर्वी अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये चालत. 1835 साली कंपनी सरकारने सर्वत्र एकच रुपया केला, 180 ग्रेन म्हणजे एक तोळा वजनाचा. वायनचा मुखवटा त्यावर 1840 साली आला. गंमत अशी की तेच साल ठेवून हे रुपये 1862 पर्यंत पाडले जात होते. तेव्हा साल पाहून नाण्याचे खरे वय सांगता येत नाही.

याच हाताने आणखी एक चांदीचे पदक घडविले आहे. 1803 ते 1818 दरम्यानच्या मराठ्यांविरुद्धच्या लढायांसह हिंदुस्थानातील जुन्या लढायांत कंपनीकडून लढून जे हयात राहिले, त्यांना 1851 साली ते मंजूर झाले. त्याच्या पट्ट्यांवर असई, अरगाव, गाविलगड, खडकी, पुणे, नागपूर, महिदपूर ही नावे आहेत. ती वाचताना मराठी माणसाला बरे वाटत नाही. कारागिरी उत्तम आहे, हेही खरे.

त्याच वर्षी, 29 ऑक्टोबर 1851 रोजी, ब्रायटन येथे वायन निवर्तला. मुलगा लिओनार्डने 1891 पर्यंत तोच धंदा चालविला.

हे रुपये आटवावेत की नाही, यावर समितीत दोन बैठका वाद झाला. इतिहासाची वस्तू मोडू नये, असे काहींचे म्हणणे. देवाला वाहिलेले परत पेटीत कशाला, असे इतरांचे. शेवटी एक रुपया देवस्थानच्या पेटीत ठेवून बाकीचे सोनाराच्या मुशीत गेले. पेटीतल्या रुपयावरील अक्षरे पाहावयाची असल्यास भिंग पुजाऱ्यांकडे ठेवले आहे.