ह्वा थ्वो

ह्वा थ्वो (मृत्यू: इ.स. २०८ किंवा त्यापूर्वी) हे चीनमधील पूर्व हान राजवंशाच्या अखेरच्या काळातील वैद्य व शल्यविशारद होते. रुग्णाला गुंगीचे औषध देऊन शस्त्रक्रिया करणारे वैद्य म्हणून त्यांची ख्याती आहे. वाघ, हरीण, अस्वल, वानर व पक्षी यांच्या हालचालींवर आधारलेल्या ‘वू छिन शी’ म्हणजेच ‘पाच प्राण्यांची क्रीडा’ या व्यायामपद्धतीचे जनकत्वही परंपरेने त्यांच्याकडे दिले जाते. त्यांचे वैद्यकीय लेखन तुरुंगात नष्ट झाले. शिष्यांना शिकवलेला व्यायाम मात्र पिढ्यानपिढ्या टिकून राहिला.

चरित्राची साधने

ह्वा थ्वो यांच्याविषयीची माहिती मुख्यतः दोन इतिहासग्रंथांत आढळते. छन शौ या इतिहासकाराने तिसऱ्या शतकात लिहिलेला ‘तीन राज्यांचा इतिहास’ आणि फान ये याने पाचव्या शतकात रचलेला ‘उत्तरकालीन हानांचा इतिहास’ हे ते ग्रंथ होत. छन शौ याने त्यांचे चरित्र वैद्य, संगीतज्ञ, स्वप्नांचा अर्थ सांगणारे अशा विशेष विद्या जाणणाऱ्या व्यक्तींच्या प्रकरणात दिले आहे.

पूर्वजीवन

ह्वा थ्वो यांचा जन्म छ्याओ येथे झाला. हे ठिकाण आजच्या आंह्वी प्रांतातील पोचौ शहराच्या परिसरात येते. त्यांनी श्यूचौ प्रदेशात अध्ययन केले व अनेक अभिजात ग्रंथांत प्रावीण्य मिळवले. फै प्रदेशाचा प्रशासक छन क्वी याने शासकीय सेवेसाठी त्यांची शिफारस केली, तसेच ह्वांग वान या उच्चाधिकाऱ्याने त्यांना सेवेत बोलावले. परंतु त्यांनी दोन्ही प्रस्ताव नाकारले. वय बरेच होऊनही त्यांची शरीरप्रकृती तरुणासारखी दिसे, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात.

वैद्यकीय कार्य

ह्वा थ्वो यांच्या औषधयोजनेत मोजकीच द्रव्ये असत. त्यांचे प्रमाण ते वजन न करता हातानेच घेत. सुया टोचण्याचा किंवा औषधी वनस्पती जाळून शेक देण्याचा उपचार करतानाही ते शरीरावरील एक-दोन जागाच निवडत. रोग शरीरात खोलवर असेल आणि औषध व सुया यांचा उपयोग होत नसेल, तर रुग्णाला ‘माफैसान’ नावाचे चूर्ण मद्यातून देऊन बेशुद्ध केले जाई. त्यानंतर पोट उघडून विकृत भाग कापणे, आतडी धुणे, जखम शिवणे व तीवर लेप लावणे अशी प्रक्रिया चरित्रात वर्णिलेली आहे. या चूर्णाची कृती पुढील काळात लुप्त झाली.

त्यांच्या निदानपद्धतीचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन अधिकारी एकाच वेळी ताप व डोकेदुखी घेऊन त्यांच्याकडे आले. लक्षणे सारखीच असूनही त्यांनी एकाला रेचक आणि दुसऱ्याला घाम आणणारे औषध दिले. दोघांच्या विकाराचे मूळ वेगळे असल्याने उपचारही वेगळे हवेत, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही बरे होऊन उठले.

पाच प्राण्यांची क्रीडा

प्राण्यांच्या हालचालींचे अनुकरण करण्याची प्रथा चीनमध्ये ह्वा थ्वो यांच्या आधीपासून होती. ‘च्वांग त्सू’ या प्राचीन ग्रंथात अस्वल व पक्षी यांच्यासारख्या हालचाली करून दीर्घायुष्य साधू पाहणाऱ्यांचा उल्लेख येतो. हूनान प्रांतातील छांग्षा शहराजवळ मावांगत्वी येथे इ.स.पू. १६८ मधील एका थडग्यात रेशमावर रंगवलेले चित्र सापडले. १९७०च्या दशकातील उत्खननात मिळालेल्या या चित्रात व्यायाम करणाऱ्या ४४ आकृती असून त्यांपैकी काहींना प्राण्यांची नावे दिलेली आहेत. श्वास व अंगविक्षेप यांचा मेळ घालणाऱ्या अशा व्यायामांना ‘ताओयिन’ म्हणतात.

ह्वा थ्वो यांनी या परंपरेतून पाच प्राण्यांची एक सुटसुटीत पद्धत बांधली आणि ती आपला शिष्य वू पू याला शिकवली. तिच्यामागील विचार चरित्रात थोडक्यात आला आहे. शरीराला श्रम हवेत, पण ते थकून जाईपर्यंत नकोत. हालचालीने अन्न पचते, रक्ताभिसरण मोकळे राहते व रोग उद्भवत नाहीत. रोज उघडमीट होणारे दार ज्या लाकडी खुंट्यावर फिरते तो खुंटा कुजत नाही, या दृष्टांताने त्यांनी हे समजावले. अस्वस्थ वाटू लागल्यास उठून एखाद्या प्राण्याची क्रीडा करावी, घाम आला की थांबून अंगाला भुकटी लावावी. त्याने शरीर हलके होते व भूक लागते, असा त्यांचा उपदेश होता. पाचही क्रीडा एकाच वेळी केल्या पाहिजेत, असे बंधन त्यांनी घातले नव्हते.

मूळ चरित्रात प्राण्यांची केवळ नावे आहेत. हालचालींचे तपशील थाओ होंगचिंग (४५६–५३६) यांच्या नावावर असलेल्या आरोग्यविषयक ग्रंथात मिळतात. त्यानुसार वाघाच्या क्रीडेत हातपाय जमिनीवर टेकून पुढे-मागे झेपा घ्याव्या लागतात. हरणाच्या क्रीडेत त्याच अवस्थेत मान लांबवून मागे वळून पाहायचे असते. अस्वलाच्या क्रीडेत पाठीवर पडून गुडघे हातांनी धरून डावी-उजवीकडे झुलायचे असते, तर वानराच्या क्रीडेत आडव्या दांड्याला लोंबकळून शरीर वर खेचायचे असते. पक्ष्याच्या क्रीडेत एक पाय उचलून दोन्ही हात पंखांप्रमाणे पसरावे लागतात. प्रत्येक प्राण्याची जोडी शरीरातील एका अवयवाशी लावण्याची पद्धत नंतरची आहे. आजच्या प्रचलित पद्धतीत वाघ यकृताशी, हरीण मूत्रपिंडाशी, अस्वल प्लीहेशी, वानर हृदयाशी आणि पक्षी फुप्फुसांशी जोडला जातो.

अटक व मृत्यू

उत्तर चीनचा सत्ताधीश त्साओ त्साओ हाही मूळचा छ्याओ येथीलच होता. त्याला वारंवार तीव्र डोकेदुखीचे झटके येत. ह्वा थ्वो यांनी सुई टोचताच वेदना थांबत, म्हणून त्याने त्यांना आपल्याजवळ ठेवून घेतले. ह्वा थ्वो यांनी विद्वान म्हणून अध्ययन केले होते. वैद्यकीवर उपजीविका करणारा एवढीच आपली ओळख उरावी, याचा त्यांना विषाद वाटे. घराच्या ओढीने त्यांनी रजा घेतली आणि पत्नीच्या आजारपणाचे कारण देऊन परत येण्याचे टाळले. त्साओ त्साओने वारंवार पत्रे पाठवूनही ते आले नाहीत. अखेर त्याने चौकशीसाठी माणसे धाडली. पत्नी खरोखर आजारी असल्यास धान्य द्यावे व रजा वाढवावी, खोटे आढळल्यास अटक करावी, अशी आज्ञा होती. कारण खोटे निघाले आणि ह्वा थ्वो यांना बंदिवान करून श्यू येथील तुरुंगात आणण्यात आले.

श्युन यू या सल्लागाराने त्यांच्या प्राणांसाठी रदबदली केली. अनेकांचे जीव या वैद्यावर अवलंबून आहेत, हे त्याचे म्हणणे त्साओ त्साओने मानले नाही. मृत्यूपूर्वी ह्वा थ्वो यांनी लोकांचे प्राण वाचवू शकेल असे एक हस्तलिखित तुरुंगरक्षकापुढे ठेवले. शिक्षेच्या भीतीने त्याने ते घेण्यास नकार दिला. ह्वा थ्वो यांनी आग्रह धरला नाही; विस्तव मागून ते जाळून टाकले. इ.स. २०८ मध्ये त्साओ त्साओचा लाडका पुत्र त्साओ छोंग बालवयातच आजारी पडून मरण पावला, तेव्हा या वैद्याला मारल्याचा त्याला पश्चात्ताप झाला.

शिष्य

वू पू व फान आ हे त्यांचे प्रमुख शिष्य होत. फान आ सुया टोचण्यात निष्णात होता. वू पू याने गुरूच्या पद्धतीने अनेक रुग्ण बरे केले व पाच प्राण्यांची क्रीडा नियमाने केली. वयाच्या नव्वदीनंतरही त्याची दृष्टी व श्रवण तीक्ष्ण होते आणि दात शाबूत होते, अशी नोंद आहे.

योगासनांशी तुलना

भारतीय हठयोगातही प्राण्यांवरून नावे पडलेली अनेक आसने आहेत. पंधराव्या शतकातील ‘हठप्रदीपिका’ या ग्रंथात कूर्मासन, कुक्कुटासन, मयूरासन व सिंहासन वर्णिलेली आहेत. ‘घेरंडसंहिते’तील ३२ आसनांत मत्स्य, मंडूक, गरुड, शलभ, मकर, उष्ट्र व भुजंग यांचीही भर पडते. जितके जीव तितकी आसने, ही कल्पनाही त्याच ग्रंथात मांडलेली आहे. दोन्ही परंपरांत मनुष्य इतर प्राण्यांकडून शरीराचा उपयोग शिकतो. भेद असा की, भुजंगासनात फणा उभारलेल्या सापाची आकृती धारण करून स्थिर राहायचे असते, तर वू छिन शीमध्ये प्राण्याची चाल, झेप व वळण यांची आवर्तने करायची असतात. मावांगत्वीचे चित्र बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचण्यापूर्वीचे असल्याने तेथील प्राणी-अनुकरणाची प्रथा स्थानिक असल्याचे दिसते.

ह्वा थ्वो यांच्या शस्त्रक्रियांच्या कथांबाबत मात्र भारतीय संबंध सुचवला गेला आहे. इतिहासकार छन यिनख यांनी १९३० मध्ये असे मत मांडले की, या कथांत बुद्धकालीन वैद्य जीवक याच्याविषयीच्या बौद्ध आख्यायिकांचे अंश मिसळले असावेत.

साहित्यातील प्रतिमा

‘तीन राज्यांची कथा’ या ल्वो क्वानचोंग यांच्या नावावर असलेल्या कादंबरीने ह्वा थ्वो यांना घरोघरी पोहोचवले. क्वान यू या सेनानीच्या हातात भिनलेले विष ते हाड खरवडून काढतात, हा तिच्यातील प्रसंग सर्वपरिचित आहे. कादंबरीनुसार तो इ.स. २१९ मधला असून तेव्हा ह्वा थ्वो हयात नव्हते. इतिहासग्रंथात त्या वैद्याचे नाव दिलेले नाही. कादंबरीत तुरुंगरक्षक हस्तलिखित स्वीकारतो, परंतु भीतीपोटी त्याची पत्नी ते जाळते.

वारसा

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या सुया टोचण्याच्या बिंदूंना चिनी वैद्यकात ह्वा थ्वो यांचे नाव आहे. कुशल वैद्याची प्रशंसा करताना त्याला ह्वा थ्वोचा अवतार म्हणण्याची रीत आहे. पोचौ येथे त्यांचे स्मारकमंदिर आहे. वू छिन शीचे कालांतराने अनेक संप्रदाय झाले. चीनच्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाने २००३ मध्ये तिची एक प्रमाणित आवृत्ती प्रसिद्ध केली. २०११ मध्ये पोचौ येथील परंपरेचा समावेश चीनच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत करण्यात आला.