शेवटची बैठक कोणाची?

आपल्या उत्सवाच्या कार्यक्रम-पत्रिकेतील सर्वात अवघड ओळ कोणती, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, शेवटची. आरतीच्या वेळा ठरलेल्या असतात, मुलांच्या स्पर्धा ठरलेल्या असतात, महिलांचे हळदीकुंकूही ठरलेले असते. विसर्जनाच्या आदल्या रात्रीची शास्त्रीय गायनाची बैठक मात्र दरवर्षी वाद घेऊन येते. कार्यक्रमांची जबाबदारी गेली काही वर्षे कार्यकारिणीने माझ्याकडे दिली असल्यामुळे तो वाद माझ्याच पदरात पडतो.

गेल्या वर्षी श्रावणात अमृतराव घाटावर आपली बैठक भरली होती. गंगा चढलेली, खालच्या पायऱ्या पाण्यात, त्यामुळे आम्ही वरच्या खोलीत दाटीवाटीने बसलो होतो. एका बाजूचे म्हणणे होते की समारोपाला बाहेरून नावाजलेला गायक बोलवावा. त्याने गर्दी होते, वर्गणीही सुकर होते. दुसरी बाजू म्हणत होती की यंदाचा समारोप आपल्या गुरुजींचा असावा. आपल्या गल्ल्यांतील किती मुलामुलींना त्यांनी सरगम शिकवली याची मोजदाद नाही. पण गुरुजींना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, गाणे बंद झालेले. जे गाऊ शकत नाहीत त्यांना शेवटची बैठक द्यायची म्हणजे काय करायचे, हे कोणालाच नीट सांगता येईना.

मी पहिल्या बाजूचा होतो. समारोप हा कळस आहे आणि कळसाला मोठे नाव हवे, असे मी ठासून सांगितले. दाखला म्हणून पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचे नाव घेतले. तेथे वर्षानुवर्षे शेवटी भीमसेन जोशीच गात असत, हे सर्वांना ठाऊक होते. त्यावर आपल्यातील एका वयोवृद्ध सभासदांनी शांतपणे विचारले की भीमसेनजींच्या नंतर तेथे कोणाचे गाणे होत असे, हे मला माहीत आहे का. मला माहीत नव्हते. घरी येऊन मी जुनी पुस्तके काढली, पुण्याच्या नातेवाइकांना फोन केले आणि शोध घेता घेता ज्यांच्या नावाने तो महोत्सव भरतो त्यांच्या आयुष्यापाशी येऊन थांबलो. ते आयुष्य येथे थोडक्यात सांगतो.

सवाई गंधर्वांचे खरे नाव रामचंद्र गणेश कुंदगोळकर. जन्म १८८६ सालचा. हुबळीजवळचे कुंदगोळ हे त्यांचे गाव, तेव्हा जमखंडी संस्थानात होते. घरची भाषा कानडी. वडील गावच्या नाडगीर जमीनदारांकडे कारकून होते. मुलाने शिकून नोकरी धरावी अशीच कोणत्याही कारकून बापाची इच्छा असणार, पण रामभाऊंचा ओढा गाण्याकडे होता. सुरुवातीचे धडे त्यांनी बळवंतराव कोल्हटकरांकडे घेतले. पुढे नाडगिरांच्या वाड्यात येणारे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा गंडा त्यांनी बांधला. निदान आठ वर्षे जवळ राहिले पाहिजे, अशी खाँसाहेबांची अट होती.

येथे आपल्यासारख्या काशीकरांनी क्षणभर थांबावे. खाँसाहेबांचे मूळ गाव कैराना, म्हणजे आपल्याच उत्तर प्रदेशातले. त्यावरूनच घराण्याला किराणा हे नाव पडले. तेथले गाणे धारवाडच्या काळ्या मातीत जाऊन रुजले. आपण मराठी माणसे गंगेकाठी येऊन राहिलो तशीच ही उलट दिशेची वस्ती. माणूस कुठून आला यापेक्षा तो कुठे रुजला याला मोल असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

रामभाऊंचा आवाज जन्मतः मोकळा नव्हता. मैफलीच्या आरंभी तो लागायला वेळ लागे आणि श्रोत्यांना थोडा धीर धरावा लागे. मग एकदा सूर सापडला की रंग भरत जाई. हा सूर त्यांनी मेहनतीने कमावला होता. गुरूंच्या मनाविरुद्ध ते नाटकात शिरले. मराठी ही घरची भाषा नसताना मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या आणि ‘सौभद्र’मधील त्यांची सुभद्रा गाजली. बालगंधर्वांचा तो काळ. अमरावतीला दादासाहेब खापर्डे यांनी रामभाऊंना सवाई गंधर्व हे नाव दिले आणि पुढे तेच नाव उरले.

नाटकाचे दिवस ओसरल्यावर ते मैफलींकडे आणि शिकवण्याकडे वळले. त्यांचा खरा संसार हा शिष्यांचा. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला जात. मोजकेच राग, पण एकेक पलटा पुन्हा पुन्हा घोटून घेण्याची गुरूंची पद्धत होती. फिरोज दस्तूर हे पारशी घरातले, बसवराज राजगुरू हे कर्नाटकातले. भीमसेन तर १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घरातून पळाले. ग्वाल्हेर, कोलकाता, जालंधर असे हिंडले. जालंधरला विनायकबुवा पटवर्धनांनी त्यांना सवाई गंधर्वांकडे जाण्यास सुचवले. म्हणजे ज्याच्यासाठी अर्धा देश पालथा घातला तो गुरू गदगपासून थोड्याच अंतरावर होता! १९३६ च्या सुमारास भीमसेन कुंदगोळला राहिले, घरची पडेल ती कामे केली, पाणी भरले आणि शिकले.

१९४२ साली सवाई गंधर्वांना अर्धांगवायू झाला. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. ज्या आवाजासाठी आयुष्य वेचले तो मैफलीपुरता संपला. १९४६ साली पुण्यात त्यांची साठी साजरी झाली, तेव्हा भीमसेन गुरूंसमोर गायले आणि त्या गाण्याने त्यांचे नाव झाले. आपल्याला न येणारे गाणे शिष्याच्या गळ्यातून येताना ऐकणे हे त्या गुरूला काय वाटले असेल, याचा विचार मी बराच वेळ करीत बसलो. १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, १९५३ साली, पहिल्या पुण्यतिथीला शिष्यांनी पुण्यात संगीतसभा भरवली. तोच आजचा महोत्सव. भीमसेनजींनी तो पुढे अनेक वर्षे खांद्यावर वाहिला. पूर्वी तो रात्रभर चाले, आपल्या संकटमोचनाच्या समारोहासारखा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आल्यावर वेळा बदलल्या. समारोपाला भीमसेनजी गात, त्यांच्यानंतर तो मान प्रभाताई अत्रे यांच्याकडे आला. २०११ साली भीमसेनजी गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. जानेवारी २०२४ मध्ये प्रभाताईही गेल्या.

आणि आता त्या वृद्ध सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर. समारोपाचा कलाकार गाऊन उठला तरी पुण्याचे जाणते श्रोते उठत नसत. मग सवाई गंधर्वांची भैरवीतील एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली जाई. तबकडीच्या काळातले ते काही मिनिटांचे गाणे हजारो लोक स्तब्ध बसून ऐकत. ज्याचा आवाज हयातीतच थांबला होता त्याच्याच आवाजाने महोत्सव संपे. भीमसेनजींसारखा गायकसुद्धा शेवटून दुसरा!

पुढच्या सभेत मी माझे म्हणणे मागे घेतले. समारोप हा कळस नव्हे, तो नमस्कार आहे, आणि नमस्कार कोणाला करायचा हे ठरले की कार्यक्रम आपोआप ठरतो, एवढेच मला सांगायचे होते. नावाजलेल्या गायकाला आपण आदल्या दिवशी बोलावले. शेवटच्या रात्री गुरुजींना व्यासपीठावर मध्यभागी बसवले आणि त्यांचे पाच शिष्य गायले. त्यांत दोघे मराठी नव्हते, पक्के बनारसी होते. एका मुलीचा सूर चढ्या स्वरावर हलला, तेव्हा गुरुजींनी चांगला असलेला डावा हात उचलून तिला तो दाखवला. दहाला पाच मिनिटे असताना भैरवी संपली. ध्वनिक्षेपक बंद झाला तरी लोक बसून होते.

गर्दी नेहमीपेक्षा कमी होती आणि वर्गणीत तूट आली, हे हिशेबनीसांनी अहवालात लिहिले आहेच. ती जबाबदारी माझी. यंदाच्या शेवटच्या ओळीवर पुन्हा चर्चा होईल, व्हायलाच हवी. फक्त सभेला येताना प्रत्येकाने एक नाव मनाशी ठरवून यावे: ज्यांच्यामुळे आपल्या कानांना सूर कळला असे एक नाव. गायक कोण आणायचा ते आपण त्यानंतर पाहू.

गणपती बाप्पा मोरया!