फाळक्यांचे डोळे

धाराशिवच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीवर एक फोटो होता. निजामाच्या राजवटीतला. लग्नानंतर आजी-आजोबा तुळजापूरला आईच्या दर्शनाला गेले, तेव्हा सोलापूरकडून यात्रेला आलेल्या एका फोटोग्राफरने तो काढला होता. आजोबा खुर्चीवर बसलेले, डोक्याला पटका. आजी शेजारी उभी, अंगावर नऊवारी आणि कपाळावर देवीचा मळवट. पण फोटोत तो मळवट काळाकुट्ट. कोणीतरी काजळ फासावे तसा.

लहानपणी मला त्या फोटोची भीती वाटे. घरी येणाऱ्या एकदोन बायका तर तो अपशकुनी म्हणून भिंतीवरून उतरवायला सांगत. आजीने तो कधी उतरवला नाही. कुंकू लालच होते, त्या यंत्राला ते दिसले नाही, त्याला माझा काय इलाज, एवढेच ती म्हणे. आम्ही हसत असू. पुढे दादासाहेब फाळके यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि ध्यानात आले, की शाळेची पायरीही न चढलेली आजी शास्त्राला धरून बोलत होती.

त्या काळच्या प्लेटला आणि फिल्मला लाल रंग खरोखरच दिसत नसे. चांदीच्या ज्या क्षारांवर फोटो उमटतो, त्यांच्यावर मुळात निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाचा परिणाम होतो. पुढे काही रंगद्रव्ये मिसळून त्यांना पिवळा-हिरवा दिसू लागला, पण लाल मात्र अंधारासारखाच राहिला. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चाले. याच कारणाने निळे आकाश कागदावर पांढरेफटक येई आणि लाल कुंकू काळे. माणसाचा डोळा आणि कॅमेऱ्याचा डोळा यांच्यात हे अंतर होते. ते हाताने काम करत करत ओळखणारा आणि त्यासाठी स्वतःचे डोळे पणाला लावणारा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा ते त्रेचाळिशीत होते. त्याआधीचे त्यांचे सारे आयुष्य प्रकाश आणि रंग यांच्याच मागे गेले होते.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला संस्कृत पंडिताच्या घरी त्यांचा जन्म झाला. वेदपठणाची परंपरा असलेल्या घरातला हा मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागला आणि तेथून बडोद्याच्या कलाभवनात गेला. तेथे प्राध्यापक गज्जर यांनी त्यांचा ओढा ओळखून फोटोग्राफीची खोली त्यांच्या स्वाधीन केली. पुढे रतलामला जाऊन ते तिरंगी ठसे करण्याची विद्या शिकले.

मग गोध्र्याला त्यांनी फोटोचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगने घाला घातला. पत्नी गेली, मूल गेले. फाळके बडोद्याला परतले, तर तेथे वेगळेच संकट. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढला की आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत पसरलेली. धंदा बसला. आमच्या आजीच्या फोटोभोवतीची कुजबुज पुढे ऐकताना मला नेहमी हे आठवे.

१९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. सरस्वतीबाई घरात आल्या. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरीही मिळाली. पण स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि ती नोकरी सोडून फाळक्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची कामे तेथे होऊ लागली. महाराष्ट्रातल्या घराघरांत देव्हाऱ्याजवळ ज्या लक्ष्मी-सरस्वती लागल्या, त्यांच्या जगात फाळके वावरत होते. हाच छापखाना पुढे मुंबईत ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ म्हणून नावारूपाला आला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके जर्मनीला जाऊन आले.

तिरंगी छपाईची करामत समजून घेण्यासारखी आहे. एकाच चित्राचे तीन फोटो घ्यायचे, एक लाल काचेतून, एक हिरव्या आणि एक निळ्या. लाल काचेतून चित्रातला तांबडा प्रकाश तेवढा आत येतो. चित्रात जिथे तांबडे नाही, तिथे निळसर शाई हवी, हे त्या फोटोवरून कळते. तसेच हिरव्या काचेच्या फोटोवरून गुलाबी-तांबड्या शाईचा ठसा होतो आणि निळ्या काचेच्या फोटोवरून पिवळ्या शाईचा. तिन्ही ठसे एकावर एक अचूक बसले की सारे रंग उभे राहतात. केसभर चूक झाली तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो. जुन्या कॅलेंडरांवर असे ओघळलेले ओठ आपण सर्वांनी पाहिले आहेत.

या युक्तीचे मूळ जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या विचारात आहे. १८६१ मध्ये लंडनला त्याने एका रंगीत फितीचे असे तीन फोटो तीन दिव्यांनी पडद्यावर एकत्र पाडले आणि रंग दाखवला. गंमत अशी, की त्याच्या प्लेटलाही लाल दिसत नव्हता. प्रयोग तरीही साधला, कारण फितीच्या लाल भागातून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित होत होते आणि प्लेटने ते टिपले. हा उलगडा व्हायला पुढे शंभर वर्षे लागली.

म्हणजे लाल काचेतून फोटो घ्यायचा, तर लाल ओळखणाऱ्या खास प्लेटा लागत. कोणत्या प्लेटला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे तिरंगी ठसे करणाऱ्याला रोजच्या रोज जोखावे लागे. फाळक्यांची ही तालीम वाया गेली नाही.

भागीदारांशी पटले नाही आणि फाळके छापखान्यातून बाहेर पडले. त्याच सुमारास, १९११ च्या आसपास, गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू पाहताना त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. मग त्यांना त्या हलत्या चित्रांचे वेडच लागले. छोटे यंत्र आणि फिल्मच्या पट्ट्या आणून रात्र रात्र ते त्या न्याहाळू लागले. झोप जेमतेम तीन तासांची. काही महिन्यांत डोळ्यांनी दगा दिला. रंगांवर पोट असलेल्या माणसाला काही दिसेना.

त्या वेळी घरात काय वातावरण असेल? नोकरी सोडलेली, छापखाना सुटलेला, मुले लहान आणि आता डोळे गेलेले. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या आधाराने दृष्टी परत आली. दुसरा कोणी असता तर बेताने वागला असता. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनची बोट चढले. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपट कसा तयार होतो ते पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून एप्रिलमध्ये ते परतलेसुद्धा.

याच काळातला त्यांचा एक लहानसा चित्रपट मला फार मोलाचा वाटतो. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्यांनी कॅमेरा समोर रोखला आणि महिनाभर थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपले. पडद्यावर ती पट्टी फिरली तेव्हा मिनिटभरात बी फुटून वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ हे तिचे नाव. माणसाच्या डोळ्याला जे कधीच दिसत नाही, ते कॅमेऱ्याच्या डोळ्याला दिसू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. चित्रपटासाठी कर्ज मिळाले तेही ही वाढ पाहून.

मग ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू झाला. दादरच्या घरातच स्टुडिओ. विजेचे दिवे नव्हते, सूर्य हाच दिवा. ऊन उतरले की काम थांबे. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले गेले. त्यांच्या कपाळीचे कुंकू फिल्मवर काळे येणार, लाल वस्त्र काळोखात बुडणार, तांबूस कातडी करपल्यासारखी दिसणार. त्या काळी जगभरचे नट तोंडाला फिकट रंग फासत, त्याचे कारणही हेच. रंगांचा एवढा जाणकार माणूस आता रंग नसलेल्या पडद्यासाठी काम करत होता आणि प्रत्येक रंग राखाडीच्या कोणत्या छटेत उतरेल हे मनाशी मोजत होता.

आणि सरस्वतीबाई? चेहऱ्यांवर सावली पडू नये म्हणून भर उन्हात पांढरी चादर धरून त्या तासन् तास उभ्या राहत. त्या चादरीवरून परतलेला प्रकाश नटांच्या तोंडावर पडे. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्याच करत. कोऱ्या फिल्मला कडेने भोके नसत. रात्री अंधारात हाताच्या अंदाजाने ती पाडायची, रसायने मिसळायची, दिवसभराचे चित्रण धुवायचे, हेही त्यांनी शिकून घेतले. दागिने तर आधीच गहाण पडले होते. आपल्या पहिल्या चित्रपटाचा अर्धा प्रकाश या माउलीच्या हातातून आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. तिच्या नावाचा गाजावाजा मात्र आपण फारसा केला नाही.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात चित्रपट लागला आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. फाळके नाशिकला गेले. ‘लंकादहन’मध्ये साळुंकेच राम झाले आणि सीताही. ‘कालिया मर्दन’मध्ये लेक मंदाकिनी कृष्ण झाली. पुढे काळ बदलला. १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला. फाळक्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये आला. त्याच वर्षी ‘किसान कन्या’ हा भारतात तयार झालेला पहिला रंगीत बोलपट पडद्यावर आला. तो दुसऱ्यांचा होता. तिरंगी ठशांच्या विद्येत मुरलेल्या फाळक्यांना स्वतःचा रंगीत चित्रपट कधीच करता आला नाही. अखेरच्या दिवसांत पैसाही उरला नव्हता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो पंचवीस वर्षांनंतर.

आजीचा तो फोटो आता माझ्याकडे आहे. मध्यंतरी नातीने हौसेने त्याला मोबाइलवर रंग भरून दाखवले. पटका गुलाबी झाला, लुगडे हिरवे झाले. मळवट मात्र काळाच राहिला, कारण तिथे लाल होते हे त्या यंत्रालाही कळले नाही. मी नातीला आजीचे म्हणणे सांगितले आणि मग फाळक्यांची गोष्ट. तिने ती ऐकली आणि बोटाने तेवढी जागा स्वतः लाल केली.