चर्चच्या छतावरची दुर्बीण

पृथ्वीखेरीज आणखी कुठे बुद्धिमान जीव असतील का, आणि असले तर आपल्या श्रद्धेचे काय, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारतो. आपण मोठी माणसे मग विषय बदलतो. फादर आंजेलो सेक्की या येशूसंघीय धर्मगुरूंनी तो कधी बदलला नाही.

त्यांचा जन्म जून १८१८ मध्ये इटलीतील रेज्जो एमिलिया येथे झाला. पंधराव्या वर्षी ते येशूसंघात दाखल झाले. १८४८ साली रोममधील उठावामुळे येशूसंघीयांना शहर सोडावे लागले. फादर सेक्की इंग्लंडला व तेथून अमेरिकेत जॉर्जटाऊनला गेले. परतल्यावर त्यांच्याकडे रोमन कॉलेजच्या वेधशाळेची धुरा आली.

तेथील संत इग्नेशियस चर्चचा घुमट कधी बांधलाच गेला नव्हता. आतून छताला घुमटाचे नुसते चित्र आहे. घुमटासाठी उभारलेले भक्कम खांब मात्र तयार होते. त्यांच्याच आधारावर फादरांनी नवी वेधशाळा उभी केली. खाली मिस्सा, वर दुर्बीण!

दुर्बिणीला त्यांनी लोलक जोडला. लोलकातून ताऱ्याचा प्रकाश रंगांत फाकतो व त्यात काळ्या रेघा दिसतात. कोणती रेघ कुठे, यावरून ताऱ्यात कोणते पदार्थ आहेत ते कळते. असे चार हजारांहून अधिक तारे तपासून त्यांनी त्यांचे गट पाडले. कित्येक ताऱ्यांच्या रेघा आपल्या सूर्यासारख्याच निघाल्या. म्हणजे आपला सूर्य अनेकांतला एक. मग त्या सूर्यांभोवतीही ग्रह असतील, आणि एवढा अफाट पसारा देवाने ओसाड ठेवला असेल हे फादरांना पटेना. निर्माणकर्त्याला ओळखणारे, त्याच्यावर प्रीती करणारे जीव तेथेही असावेत, असे त्यांनी उघडपणे लिहिले. ज्या रोममध्ये १६३३ साली गॅलिलिओवर खटला चालला, त्याच रोममध्ये!

अर्थात तो त्यांचा विश्वास होता, शोध नव्हे. असे जीव आजवर कोणालाही सापडलेले नाहीत. १८५८ साली मंगळाची चित्रे काढताना तेथील एका काळसर पट्ट्याला त्यांनी इटालियन भाषेत कालव्याचा शब्द वापरला. पुढे १८७७ साली स्कियापारेल्ली यांनीही तोच शब्द योजला, तेव्हा मंगळवासीयांनी कालवे खणले असे लोकांनी धरून चालले. तसे कालवे नव्हतेच.

खरी कसोटी वेगळीच आली. १८७० साली इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि १८७३ साली सरकारने संघाची मालमत्ता ताब्यात घेतली. सहकारी पांगले. फादरांची कीर्ती एवढी की त्यांना वेधशाळेत राहू दिले गेले. पोप महोदय व येशूसंघ यांच्याशी निष्ठा राखून ते अखेरपर्यंत तेथेच काम करीत राहिले. २६ फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर वेधशाळा सरकारजमा झाली. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी व्हॅटिकनची वेधशाळा नव्याने स्थापन केली; तिचे काम आज येशूसंघीय पाहतात. चंद्रावरील आणि मंगळावरीलही एका विवराला सेक्की हे नाव आहे.