ॲडम स्मिथ : जाळलेली हस्तलिखिते, उरलेल्या वह्या

विद्यापीठांच्या उन्हाळी अभ्यासवर्गांत अर्थशास्त्राची ओळख पुष्कळदा टाचणीपासून करून दिली जाते. दहा कामगारांनी काम वाटून घेतले, तर दिवसाला ४८,००० हून अधिक टाचण्या तयार होतात. एकेकट्याने सारे करायचे म्हटले, तर प्रत्येकाला वीसही जमणार नाहीत. हे उदाहरण जगप्रसिद्ध करणारे ॲडम स्मिथ अर्थशास्त्राचे जनक मानले जातात. त्यांची प्राध्यापकी मात्र नीतिशास्त्राची होती.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील कर्कॉडी या गावी ५ जून १७२३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. जकात अधिकारी असलेले वडील त्यांच्या जन्मापूर्वीच निवर्तले होते. आई मार्गारेट यांनी त्यांना वाढवले. स्मिथ अविवाहित राहिले आणि १७८४ मध्ये आईचे निधन होईपर्यंत त्यांचे घर म्हणजे आईचेच घर होते.

वयाच्या चौदाव्या वर्षी ते ग्लासगो विद्यापीठात दाखल झाले. तेथे फ्रान्सिस हचिसन यांच्या नीतिशास्त्राच्या अध्यापनाचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. १७४० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले, पण तेथे त्यांची घोर निराशा झाली. तेथील बहुतेक प्राध्यापकांनी शिकवण्याचा देखावा करणेही सोडून दिले आहे, असे त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात नमूद केले. कारणही त्यांनी अर्थशास्त्रीयच दिले. ग्लासगोत शिक्षकाच्या मिळकतीचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येई, तर ऑक्सफर्डचा प्राध्यापक शिकवो वा न शिकवो, त्याचे वेतन अबाधित राही.

१७५१ मध्ये ते ग्लासगो येथे तर्कशास्त्राचे आणि पुढच्याच वर्षी नीतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १७५९ मध्ये नैतिक भावनांविषयीचा त्यांचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. माणूस कितीही स्वार्थी असला, तरी इतरांच्या सुखदुःखाशी त्याचे नाते असते, हे त्या ग्रंथाचे आरंभसूत्र आहे. स्मिथ यांना केवळ स्वार्थाचे पुरस्कर्ते समजणाऱ्यांनी हा ग्रंथ बहुधा उघडलेला नसतो.

१७६४ च्या आरंभी, सत्र अर्धवट असतानाच, तरुण ड्यूक ऑफ बक्लू यांचे शिक्षक म्हणून फ्रान्सला जाण्यासाठी त्यांनी अध्यापन सोडले. जाण्यापूर्वी त्यांनी विद्यार्थ्यांचे शुल्क परत करण्यास सुरुवात केली. विद्यार्थी घेईनात, तेव्हा त्यांनी पैसे आग्रहाने त्यांच्या खिशात घातले, असे सांगितले जाते. या प्रवासात व्होल्तेर, केने, तुर्गो यांच्याशी त्यांच्या भेटी झाल्या. वर्षाकाठी ३०० पौंडांचे आजीव निवृत्तिवेतन मिळाल्याने पुढील लेखनासाठी निश्चिंतीही लाभली.

राष्ट्रांच्या संपत्तीवरील त्यांचा महाग्रंथ ९ मार्च १७७६ रोजी प्रकाशित झाला. मुक्त व्यापाराचे समर्थन करताना त्यांनी व्यापाऱ्यांच्या मक्तेदारीवर कठोर टीका केली. भारतीय वाचकांसाठी त्यातील एक उल्लेख विशेष महत्त्वाचा आहे. बंगालमध्ये अवर्षणाने टंचाई आली असती, पण तांदळाच्या व्यापारावर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी घातलेल्या अविचारी निर्बंधांमुळे तिचे दुष्काळात रूपांतर होण्यास हातभार लागला असावा, असे मत त्यांनी मांडले. श्रमविभागणीची दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही. जन्मभर एकच क्षुल्लक कृती करणाऱ्याची बुद्धी बोथट होते, म्हणून गरिबांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची सोय शासनाने करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

जकातींचे हे टीकाकार १७७८ मध्ये एडिंबरा येथे स्वतःच जकात आयुक्त झाले आणि ते काम त्यांनी कसोशीने केले. १७ जुलै १७९० रोजी त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी काही दिवस, त्यांच्या आग्रहावरून जोसेफ ब्लॅक आणि जेम्स हटन या शास्त्रज्ञ मित्रांनी त्यांच्या हस्तलिखितांचे अनेक खंड अग्नीच्या स्वाधीन केले. अपुऱ्या स्वरूपातील लेखन मागे राहू नये, ही त्यांची इच्छा होती.

वर्गात टिपणे घेत बसणारे विद्यार्थी स्मिथ यांना आवडत नसत, असे म्हणतात. तरीही कोणीतरी ती घेतली होती. न्यायशास्त्रावरील व्याख्यानांची एक प्रत एडविन कॅनन यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केली. १९५८ मध्ये जॉन लोदियन यांना ॲबर्डीन येथे विक्रीस आलेल्या जुन्या ग्रंथांत १७६२-६३ मधील टिपणांच्या आणखी वह्या सापडल्या. महाग्रंथाच्या तेरा वर्षे आधीच्या या टिपणांतही टाचणीचे ते उदाहरण आढळते.